भाजीचं येळवणी

आमच्या घरी भाजी विकत आणली म्हणजे पाहुणे येणार, एवढं पक्कं. एरवी आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची आणि संध्याकाळी पदराच्या ओटीत तांदुळजा, घोळ, पाथरी, जे हाती लागेल ते घेऊन यायची. चाकूरजवळच्या आमच्या गावात त्याला कुणी पैसे मागत नव्हतं. ती भाजी आणि भाकरी. डाळ असली तर असली.

आई भाजी आधी बारीक चिरायची, मग धुवायची, भांडंभर पाण्यात रटरट शिजवायची आणि घट्ट पिळून ते हिरवं पाणी शेळीच्या कोंड्यात ओतायची. राहिलेला चोथा मिरचीवर परतून आमच्या ताटात. घरात सगळ्यांत धडधाकट शेळीच होती. माझी थोरली बहीण, अक्का, पांढरीफटक. तिला किनवटकडं दिलेलं. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यातच पोटात दुखायला लागलं, नांदेडला दवाखान्यात नेलं, पण बाळ राहिलं नाही. अंगात रक्तच नाही, डॉक्टर म्हणाले. आई दोन दिवस जेवली नाही.

मी तेव्हा लातूरला शिकत होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि हे मी ताठ मानेनं सांगते. एका तासाला बाई म्हणाल्या, पालेभाजी चिरून धुतली, खूप उकळून पाणी टाकून दिलं, की तिच्यातली बरीच जीवनसत्त्वं त्या पाण्याबरोबर जातात. काही तर आचेनंच नष्ट होतात. रक्त तयार व्हायला लागणारं फोलेट त्यातलंच. वर्ग लिहून घेत होता. मला शेळी दिसत होती.

अक्काला पुन्हा दिवस गेले, ती माहेरी आली. सुट्टीत मीही घरी गेले आणि चुलीपुढं बसले. त्या दिवशी नेमकी अंबाडी होती.

"पाणी टाकायचं न्हाई," मी ठणकावलं.

पहिल्याच घासाला वडिलांचं तोंड वाकडं झालं. "कालेजात दात आंबवायला शिकिवतेत का गं?"

अक्का हसली. कितीतरी महिन्यांनी हसली, पण तिलाही तो आंबट घास गिळेना, ताट सारून उठली. कोरडी भाकरीही तिनं खाल्ली नाही.

"अंबाडीचं पाणी काढावंच लागतंय, बाई," आई म्हणाली. "इतकं बी कळत न्हाई व्हय?"

"मग तांदुळज्याचं का काढतीस? तो आंबट हाय का?"

"माझी माय काढायची."

म्हणजे तिनं अंबाडीची रीत सगळ्या भाज्यांना लावली होती, आणि मी वहीतली ओळ अंबाडीला. दुसऱ्या दिवशी ती तांदुळजा पिळायला बसली तेव्हा मी विचारलं, "पुरणाची डाळ शिजवून काढलेलं येळवणी फेकून देतीस का?"

"येडी झालीस का? त्याची तर आमटी करतेत. समदा कस त्यात उतरतोय."

बोलली आणि तिचा हात थांबला. मुठीतून हिरवं पाणी गळत होतं. "म्हंजी हे बी येळवणीच की," ती म्हणाली. मग अक्काकडं बघत राहिली. "इतकी वर्सं मी..." वाद जिंकल्यावर बरं वाटेल असं मला वाटलं होतं. नाही वाटलं.

त्यानंतर भाजी आधी धुऊन मग चिरायची, झाकण ठेवून अंगच्या पाण्यात शिजवायची, वरून लिंबू. अंबाडीचं पाणी मात्र काढायचंच. सरकारी दवाखान्याच्या आशाताईंनी दिलेल्या रक्तवाढीच्या गोळ्याही अक्का रोज घ्यायची. रक्त गोळ्यांनी वाढलं की भाजीनं, ते मी सांगू शकत नाही. शिकलेल्या माणसानं उगाच दावा करू नये. आई मात्र पहिल्या बाळाचा हिशोब स्वतःकडंच लावत राहिली. मी कितीदा समजावलं, तिनं ऐकलं नाही.

नऊ महिने भरून लातूरला अक्काला मुलगी झाली. रक्त चढवावं लागलं नाही. दोघी जगल्या.