काकीची वाट

सव्वीस जानेवारीला सकाळी शाळेत झेंडा लागला आणि दुपारी ग्रामसभेत शेजारच्या काकीची वाट बंद झाली. देवळाचा सभामंडप वाढवायला तिने आपलं अंगण दिलं नव्हतं, एवढाच तिचा गुन्हा. तिच्या घराकडे जायची एकुलती वाट देवळाच्या जागेतून होती. मग काय, घाला वाटेवर दगडांचा गडगा! सगळ्यांनी हात वर केले. ज्यांच्या घरच्या आजारपणात ती रात्ररात्र जागली, त्यांनीसुद्धा.

मी उठलो. पत्रकं वाटत फिरणारा म्हणून गाव मला ओळखतो. म्हटलं, हे बेकायदा आहे.

सरपंच हसले. "गावाक इचारूनच करतंव मरे. लोकशाही, लोकशाही म्हणान तूच कागद वाटतंस मां? मग मोज हात!"

"हात मोजून सरपंच निवडा. घरी जायची वाट हात मोजून काढून घेता येत नाही, म्हणून हा देश नुसती लोकशाही नाही, प्रजासत्ताक आहे!"

मागून कुणीतरी ओरडलं, "ह्येच्या अंगात झेंडो इलो रे!"

सभा खदखदली. काकी त्या हातांकडे बघत होती, एकेक ओळखत असल्यासारखी.

गडगा झाला. काही दिवस ती खाडीच्या चिखलातून ये-जा करत राहिली, मग बांद्याला लेकीकडे गेली. तिच्या सहीचा अर्ज घेऊन मी तहसीलदारांकडे खेटे घातले. निकाल तिच्या बाजूने लागला, गडगा पाडला गेला. मी लगेच फोन लावला.

"काकी, जिंकलंव! येवा आता."



"वाट मेळली रे झिला. पण वाटेर माका भेटतली माणसां तीच मां?"

देवळासमोरून जाताना मला अजून ते हात दिसतात. वर गेलेले, खाली न आलेले.

आता तिन्हीसांजेनंतर त्या वाटेला कुणी फिरकत नाही. म्हणे तिथे तिच्या बांगड्या वाजतात. अरे, बाई बांद्यात धडधाकट आहे! जिवंत माणसाचं भूत करून मोकळे झाले.

मी मात्र रोज जातो. पायाखाली राहिली नाही, तर एका पावसात रान ती वाट गिळेल, आणि हेच लोक विचारतील, खंय होती वाट? कामावरून आलो की बॅटरी घेऊन तिच्या बंद दारापर्यंत जातो, पायरीवरचा पाचोळा सारतो, परत फिरतो.

परवा दुकानात सरपंच आवाज उतरवून सांगत होते, "काल परत तिची बत्ती फिरताना दिसली."

मी बॅटरीसाठी नवे सेल घेतले.