साडेसहाची बॅच, रत्नागिरी

त्या थंडीत नारायण पेठेत एक कुजबुज फिरत होती : वाचनालयातल्या नीरजा मेहेंदळे दीक्षा घेणार. माघात रत्नागिरीला जाणार, तिथे कुणी उल्काताई म्हणून आहेत त्यांच्या पायाशी बसणार, आणि परत आल्याच तर काळ्या वस्त्रांत येणार.

आता नारायण पेठेत पुराव्याशिवाय कोणी कुजबुजत नाही. पुरावा चुकीचा असेल, पण असतो. इथे तर चार होते. पहिला, नीरजाबाईंनी कमरेपर्यंतचे केस एका दुपारी मानेपर्यंत कापून टाकले. दुसरा, त्या पहाटे साडेचारला उठत आणि संध्याकाळी सातनंतर तोंडात काही घालत नसत. तिसरा, त्यांच्या गॅलरीत एक काळा, रबरासारखा, गळ्यापासून घोट्यापर्यंतचा पोशाख उलटा टांगून वाळत असे. आणि चौथा सगळ्यांत भक्कम. समोरच्या दारातल्या दुर्गाबाईंनी तो स्वतःच्या कानांनी ऐकला होता. गॅलरीत उभ्या राहून नीरजाबाई फोनवर म्हणत होत्या, "हो उल्काताई. शरीर सोडून द्यायचं. खाली बघायचं नाही. श्वास मोजायचे. तुम्ही म्हणाल तसं."

"काळी वस्त्रं म्हणजे कुठला तरी उग्र पंथ असणार," दुर्गाबाई जिन्यात भेटेल त्याला सांगत. त्यांचं वय बहात्तर, राहणं चौथ्या मजल्यावर. लिफ्ट असूनही त्या रोज दोनदा जिना चढत, 'प्रकृतीसाठी', आणि प्रत्येक मजल्यावर थोडं थांबत, तेही प्रकृतीसाठीच. त्यामुळे चारही मजल्यांना बातमी ताजी मिळे.

नीरजाबाईंच्या कानावर हे आलं तेव्हा त्यांनी वाचनालयात एका पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला, जरा जोरात मारला, आणि गप्प बसल्या. नाही म्हणाल्या नाहीत. खरी गंमत इथेच आहे.

पाच वर्षांपूर्वीपर्यंत नीरजाबाईंचं आयुष्य त्यांच्या वाचनालयासारखं होतं : सकाळी आठ ते एक, दुपारी चार ते आठ, मध्ये दार बंद. एकोणपन्नासाव्या वर्षी डॉक्टरांनी साखर उंबरठ्यावर आल्याचं सांगितलं आणि गुडघ्यांना पाण्यात घालायला सांगितलं. त्या पोहण्याच्या टँकवर गेल्या. सकाळी साडेसहाची बॅच, बायकांची. तिथला जीवरक्षक शंभू महिनाभर त्यांचं हातपाय झाडणं बघत राहिला आणि मग म्हणाला, "बाई, तुम्ही पाण्याला कार्ड नसलेल्या माणसासारखं वागवताय. जरा आत तर घ्या."

त्यांनी आत घेतलं. तीन महिन्यांत पोहायला आलं, सहा महिन्यांत आवडायला लागलं. मग माळ्यावरची सायकल खाली आली, मग नदीकाठी पळणं सुरू झालं. आणि मग टँकवरच्या मुलींकडून त्यांनी तो शब्द ऐकला, ट्रायथलॉन. म्हणजे आधी पोहायचं, ओल्या अंगाने सायकलवर बसायचं, सायकल टाकून पळायचं, आणि मध्ये चहासुद्धा नाही.

"म्हणजे तीन शिक्षा एकापाठोपाठ," त्यांचे यजमान सलिल म्हणाले. ते विमा कंपनीतून निवृत्त झालेले, साठीचे. पेपर वाचताना मान वर न करता बोलण्याची त्यांना सवय. "आणि इतकं करून शेवटी घरीच यायचं असेल, तर निघायचं कशाला?"

"तुम्ही पण चला की."

"मी येईन. टॉवेल धरायला कोणीतरी लागेलच."

गेल्या वर्षी ते खरंच टॉवेल धरून उभे होते. समुद्रकाठच्या एका गावी शर्यत होती. पोहणं साडेसातशे मीटर, आणि नीरजाबाई टँकमध्ये त्याच्या दुप्पट सहज काढत. शिट्टी वाजली. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं. मग त्यांनी खाली पाहिलं.

टँकच्या तळाला निळ्या फरश्या असतात आणि त्यांवरून एक काळी रेघ जाते. चार वर्षं नीरजाबाई त्या रेघेवरून पोहत आल्या होत्या. इथे रेघ नव्हती. फरशी नव्हती. गढूळ हिरवं पाणी होतं आणि त्याच्या खाली काय आहे ते सांगणारं कोणी नव्हतं. बाकीच्या बायका पुढे गेल्या. नीरजाबाई गुडघाभर पाण्यातून वळल्या आणि किनाऱ्यावर आल्या.

कोणी काही विचारायच्या आत सलिलनी त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पायात गोळा आला. थंडीने येतो."

तो गोळा त्यांच्या आधी पुण्यात पोचला. दुर्गाबाईंनी महानारायण तेलाची बाटली आणून दिली आणि रोज चौकशी केली. नीरजाबाईंनी आठ दिवस एका धडधाकट पायाला इमानदारीने तेल चोळलं. नवराबायकोत त्या गोळ्याविषयी पुढे एक अक्षरही निघालं नाही.

यंदाची शर्यत माघ वद्यात होती. आणि नीरजाबाईंनी ठरवलं होतं, आधी समुद्राकडे जाऊन राहायचं. टँकवरच्या एकीने रत्नागिरीच्या उल्काचा नंबर दिला. उल्का तिशीची, माणसांना समुद्रात पोहायला शिकवणारी, घरामागे दोन खोल्या भाड्याने देणारी. केस कापले ते टोपी डोक्यावर बसावी म्हणून. काळा पोशाख पाण्यात अंग तरंगतं ठेवणारा. श्वास मोजायचे ते पाण्यात जीव घाबरा होऊ नये म्हणून. पेठेला हे ठाऊक नव्हतं, आणि नीरजाबाई सांगत नव्हत्या.

रथसप्तमीला हळदीकुंकवं संपतात. यंदा सोसायटीचं हळदीकुंकू नीरजाबाईंकडे होतं आणि त्यांनी ते अगदी शेवटच्या दिवशी, रथसप्तमीलाच ठेवलं होतं. त्यानंतर जायचं म्हणून त्यांनी पौर्णिमा धरून पाच दिवस ठरवले. मग त्यांनी तक्ता केला. लाल शाई, निळी शाई, पट्टी. पोहणे सकाळी साडेसहा ते सव्वासात. सायकल आठ ते दहा. न्याहारी. विश्रांती दुपारी एक ते चार. पाचही दिवस तेच, मिनिटाचा फरक नाही. तक्त्याचा फोटो काढून त्यांनी उल्काला पाठवला आणि समाधानाने कपाटाच्या दाराला आतून मूळ प्रत चिकटवली.

दहा मिनिटांत फोन आला. नीरजाबाईंनी तो स्पीकरवर टाकला.

"ताई, तक्ता झकास झालाय," उल्का म्हणाली. "समुद्राला पाठवलात का?"

"म्हणजे?"

"म्हणजे त्याला कळायला हवं ना, तुमची साडेसहाची बॅच आहे ते. पौर्णिमेला साडेसहाला इथे ओहोटी असते. पाणी लांब गेलेलं असतं. तुम्ही पोशाख घालून ओल्या वाळूत फिरायला येणार असाल तर माझी ना नाही. आणि भरती येईल ती उधाणाची, अकरा-सव्वाअकराला. नवख्या माणसाला मी उधाणात उतरवत नाही."

नीरजाबाई खुर्चीत बसल्या. चोपन्न वर्षांत त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं, की पाणी असायची नसायची वेळ पाणी स्वतः ठरवतं. मेहेंदळ्यांचे पूर्वज कोकणातूनच आले होते. पण पुण्यात येऊन इतक्या पिढ्या झाल्यावर पाणी म्हणजे नळाचं किंवा टँकचं, आणि दोन्हीला वेळापत्रक.

"मग भरती कधी ते मला कसं कळणार?"

"तिथीची पाऊणपट करा. येईल ते भरतीचे वाजले. आमच्याकडे आजीपासून हेच. सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, मऊ. तेव्हा या. पाऊणकी येते ना?"

"थोडी," नीरजाबाई म्हणाल्या. त्यांना अजिबात येत नव्हती.

"आणि एक विचारू? गेल्या वर्षी गोळा आला म्हणालात. पायात, की पोटात?"

नीरजाबाईंनी फोन कानाला लावला आणि गॅलरीत जाऊन दार लोटून घेतलं. "पोटात," त्या म्हणाल्या. वर्षभरात पहिल्यांदाच म्हणाल्या.

"मग बरं. पायातल्याला माझ्याकडे औषध नाही. पोटातल्याला आहे."

आत आल्या तर सलिल पेपर खाली ठेवून बसले होते. दार लोटलं तरी गॅलरीच्या खिडकीची काच गेल्या उन्हाळ्यापासून फुटलेली होती, आणि ती बदलायची पाळी सलिलचीच होती.

"सात पाऊण सव्वापाच," ते छताकडे बघत म्हणाले. "आठ पाऊण सहा. नऊ पाऊण पावणेसात. दहा पाऊण साडेसात. अकरा पाऊण सव्वाआठ. वडिलांनी छड्या मारून पाठ करून घेतली होती. आयुष्यात एकदाही कामाला आली नाही, आज आली. अष्टमीला अंधार असेल, जरा उशिरा उतर. नवमीपासून तुझी बॅच बरोबर जमते."

नीरजाबाईंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बोट ठेवलं. अष्टमीच्या पहाटे पाण्यात उतरायचं तर सप्तमीला सकाळीच निघायला हवं. सप्तमी म्हणजे रथसप्तमी. म्हणजे हळदीकुंकू.

"वद्य सप्तमीला गेले तर?"

"तेव्हा शर्यत तोंडावर येईल. पोटातला गोळा काही लगेच विरघळत नाही." त्यांनी चष्मा पुसला. त्यांना डोळ्यांकडे बघायचं नसलं की चष्मा मळतो. "आता हळदीकुंकू कोणाच्या गळ्यात घालायचं, तर एकच गळा आहे. आणि तो कारण विचारल्याशिवाय काही घालून घेणार नाही."

"अहो, काय सांगू मी दुर्गाकाकूंना?"

"गेल्या वर्षीचा गोळा माझा होता. तो मी परत घेतो. पुढचं तू बघ. मी तेलाची बाटली धुऊन ठेवतो."

धुतलेली बाटली घेऊन नीरजाबाई समोरच्या दारात गेल्या. दुर्गाबाई तिळगुळाच्या वड्या कापत होत्या.

"ये गं. बस. कापलेले केस शोभतात हो तुला," त्या म्हणाल्या. "नाहीतरी पुढे काढायचेच, म्हणा."

"काकू, यंदाचं हळदीकुंकू तुमच्याकडे करता का? मला सप्तमीला निघावं लागतंय."

"म्हणजे दीक्षेचा मुहूर्त सप्तमीचा?" दुर्गाबाईंची सुरी थांबली. "मग आधी आमच्याकडून कुंकू तरी लावून घे. मागाहून तुमच्या पंथात लावतात की नाही, कोण जाणे."

इथे नीरजाबाईंना मान हलवून सुटता आलं असतं. बाई दीक्षा घेते म्हटल्यावर पेठ टिंगल करते, पण घाबरट म्हणत नाही. महिनाभर त्या गप्प होत्या त्या एवढ्याचसाठी. त्यांनी बाटली ओट्यावर ठेवली.

"काकू, पायाला काही झालं नव्हतं. तुमचं तेल फुकट गेलं. तळ दिसेना म्हणून मी पाण्यातून परत आले. आता पुन्हा जातेय, आधी पाच दिवस जाऊन शिकणार आहे. उल्काताई पोहणं शिकवतात. दीक्षाबिक्षा काही नाही. मला भीती वाटते."

दुर्गाबाईंनी उठून आधी जिन्याकडचं दार लावून घेतलं. चारही मजल्यांवर कोणी विश्वास ठेवला नसता. मग त्यांनी एक वडी उचलून नीरजाबाईंच्या हातावर ठेवली.

"लिफ्टचं दार बंद झालं की माझा श्वास अडकतो," त्या हळूच म्हणाल्या. "आठ वर्षं झाली. प्रकृतीसाठी जिना चढतात म्हणे! गुडघे गेले माझे चढून चढून. पण सांगायचं कोणाला?"

दोघी वडी चघळत बसल्या.

"हळदीकुंकू मी करते," दुर्गाबाई शेवटी म्हणाल्या. "पण बायका विचारतील, यजमानीण कुठे गेली. तू काळजी करू नकोस, मी दीक्षाच सांगते. छान चाललीय ती. आणि आता मला उग्र पंथाचे नियमही थोडे सुचलेत."

"काकू!"

"अगं, परत येऊन तुझं तू खरं सांग. घाबरून गेले आणि पोहून आले, असं. नुसतं घाबरले म्हणून सांगण्यात काय मजा?" त्या दारापर्यंत सोडायला आल्या. "आणि आलीस ना, की एकदा माझ्याबरोबर लिफ्टने खाली चल. श्वास मोजायचे असतात, नाही का?"

कपाटातला तक्ता त्या संध्याकाळी निघाला. नव्या तक्त्यात पोहण्याच्या रकान्यात पाच दिवसांच्या पाच वेगळ्या वेळा होत्या, आणि त्या सलिलच्या अक्षरात होत्या. विश्रांती मात्र एक ते चारच राहिली. तिथे समुद्राची काही हरकत नव्हती. तळाशी एक नवी ओळ होती : टॉवेल, रोज, पाण्याच्या आधी पाच मिनिटं. उल्काला कळवून खोली दोघांची करून घेतली.

रथसप्तमीला सकाळी सूर्याला दुधाचा नैवेद्य दाखवून दोघं निघाली. गाडीच्या मागे सायकल बांधली होती. चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून दुर्गाबाईंनी हात केला. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन बायकांनी नीरजाबाईंना लांबूनच नमस्कार केला, जरा वाकूनच. नीरजाबाईंनी तो हसून घेतला.

खरं एवढंच होतं : नीरजा मेहेंदळे दीक्षा घ्यायला चालल्या नव्हत्या. तळ न दिसणाऱ्या पाण्याची त्यांना भीती वाटत होती, आणि त्या समुद्रात पोहायला शिकायला पाच दिवसांसाठी रत्नागिरीला चालल्या होत्या.