आमच्या सेंटरात ब्राउझर का बदलले

रामनगरात बसस्टँडजवळ माझं ऑनलाइन सेंटर आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि मी. रेशन कार्ड, जातीचा दाखला, नोकरीची अर्जी, रेल्वेचं तिकीट, सगळं माझ्याकडं. सगळे मला अक्का म्हणतात, माझ्या वडिलांच्या वयाचे गडीसुद्धा! कॉम्प्युटरची हिस्ट्री एक बटण दाबलं की जाते. माझ्या डोक्यातली कुठं जाते? ती नुसती साचत चाललीय. चहाला बसलं की मैत्रिणी म्हणतात, "सांग की गं एखादा किस्सा, हसू येईल असा." सांगते. हसू आलं तर बघा.

*

सुरुवातीला ब्राउझर म्हणजे काय, ते मला धड कळत नव्हतं. कॉम्प्युटरबरोबर जो आला तो वापरायचा. दर अर्जीला तो विचारायचा, "ही माहिती जपून ठेवू का?" मी म्हणायची, ठेव बाबा, उद्या टायपिंग वाचेल. जपून ठेवणं म्हणजे चांगलंच की!

एकदा कुंभारवाड्याचे गणपतमामा आले. रेशन कार्डात काहीतरी दुरुस्ती होती. त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर दाबलं आणि खाली आपोआप दुसरं नाव आलं. गंगाराम. मामांचा थोरला मुलगा, आधी येऊन अर्जी भरून गेलेला! माझं बोट नको तिथं पडलं आणि सगळा फॉर्म त्याच्याच माहितीनं भरला. अर्जीचं कारण: आईवडिलांपासून वेगळा राहतो, स्वतंत्र कार्ड हवे.

मामा चौथीपर्यंत शिकलेले. वाचता येत होतं, तिथंच घात झाला.

त्यांनी स्क्रीनवर बोट फिरवत ती ओळ वाचली. मग म्हणाले, "अक्का, ह्यो येगळा कवा झाला? सकाळी एकाच चुलीवरची भाकरी खाऊन आलाव की आमी!"

दुरुस्ती न करताच गेले. तो ब्राउझर मी त्याच दिवशी काढून टाकला.

*

मग माझा भाऊ विलास आला. बेळगावला कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, त्यामुळं घरात त्याच्यापुढं बोलायची सोय नाही. "अक्का, तुझं सगळं चुकतंय," म्हणाला. नेटवर "जगातला सर्वात सुरक्षित ब्राउझर" अशी मोठी जाहिरात होती, ती दाबून त्यानं तो घातला. जाताना शिकवून गेला, "वर पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र दिसलं की डोळे झाकून भर. सेफ!"

त्या आठवड्यात कॅसलरॉकची ज्योती आली. सकाळच्या गाडीनं लोंढा, तिथनं बसनं रामनगर. जंगल खात्यातल्या गार्डच्या भरतीची अर्जी भरायची होती. तिची ही शेवटची संधी, पुढच्या भरतीला वय बसणार नव्हतं. रोज पहाटे रुळाच्या कडेनं धावायचा सराव करायची. पायाला फोड आले होते, ते हसत हसत दाखवले तिनं.

मी शोधलं, पहिलं नाव आलं ते उघडलं. सरकारी वाटावी अशी साइट, वर शिक्का, शेजारी कुलूप. आधार भरलं, मार्कशीट भरली, फोटो भरला, सही भरली. "अर्जी स्वीकारली" असं आलं. तिनं मला लाडू दिला.

तिच्या मैत्रिणींना हॉलतिकीट आलं, हिला आलं नाही. ती परत आली. नीट बघितलं तर खऱ्या साइटच्या नावात एक अक्षर वेगळं होतं, आणि त्या खऱ्या साइटवरची मुदत संपून गेली होती. विलासला फोन लावला. तो म्हणाला, "अगं, कुलूप तर खोट्या साइटला पण असतंय!"

हे आधी सांगायचं असतं की नाही? आणि तो ब्राउझरच दरवेळी असल्या साइटी वर आणून ठेवत होता, तेही नंतर कळलं.

मला वाटलं, ज्योती आता मला शिव्या देईल. मी वाट बघत होते. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "अक्का, माझा फोटो तेवढा परत मिळंल काय वो त्यांच्याकडनं?"

*

नंदिगड्ड्याला एकदा "सुरक्षित इंटरनेट" असं ट्रेनिंग होतं. मी पोळलेली, सगळ्यात पुढं जाऊन बसले. शिकवायला बाहेरगावचे एक सर आले होते. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. सोबत आपला लॅपटॉप. पडद्यावर सगळं मोठं दिसत होतं.

सर म्हणाले, "आधी चांगला ब्राउझर निवडा. तुमची माहिती ही तुमची खासगी वस्तू आहे! आता मी बँकेची साइट उघडून दाखवतो."

बँकेच्या नावाचं पहिलं अक्षर दाबलं. खाली त्यांनी पूर्वी शोधलेलं सगळं ओळीनं आलं. सगळ्यात वर होतं: कॅन्सर तिसरी स्टेज किती दिवस.

सर घाईनं खोडायला गेले तर यादी आणखी लांब झाली. मागं कोणीतरी हसायला लागलं होतं, ते थांबलं. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "सायबा, घरात कुनाला हाय?"

"बायकोला," सर म्हणाले.

पुढं काय शिकवलं ते कोणालाच आठवत नाही.

*

घरी येऊन मी ठरवलं, आता पुरे. नीट चौकशी केली, मूळ कंपनीच्या साइटवरनंच साधा ब्राउझर घेतला आणि गिऱ्हाइकासाठी कायम खासगी खिडकी उघडायची ठेवली. बंद केली की मागं काही उरत नाही. दारावर पाटीच लावली: इथे तुमची माहिती राहत नाही. फार अभिमान वाटला मला!

रेखा बाजारच्या दिवशी यायची. अर्धा तास बसायची, आपलं आपण बघायची. काय बघते ते मी कधी विचारलं नाही.

एके दिवशी तिचा नवरा आला. दारातनंच म्हणाला, "काल माझी बायको हितं बसलीती. काय बगितलं तिनं?"

मी ऐटीत म्हणाले, "आमच्याकडं काय बी ऱ्हात न्हाई. बघा की!" आणि हिस्ट्री उघडून दाखवली. कोरी.

"काय बी न्हाई?"

"काय बी न्हाई."

"म्हंजे पुसण्यासारखं कायतरी हुतं."

आवाज न चढवता बोलला आणि निघाला. "अवो, सगळ्यांचंच पुसतंय ते!" मी मागनं ओरडले. तोवर त्यानं गाडीला किक मारली होती.

पुढच्या बाजारला रेखा आली. उजव्या हातात एकही बांगडी नव्हती. मनगट सुजलेलं.

"रेखा, माझ्यामुळं..."

"अक्का, आज ते पुसणारं नको. सगळं ध्यानात ठेवणारं उघडा."

मी उघडलं. डाव्या हातानं एकेक अक्षर दाबत तिनं शोधलं: फणसाचे पापड कसे करावेत. मग उपवासाची भगर. मग, नवऱ्याला दीर्घायुष्य मिळावं म्हणून कोणतं व्रत करावं. प्रत्येक पान खालपर्यंत नेलं, वाचल्यासारखं.

"हिस्ट्री दाखवा."

दाखवली. तिन्ही ओळी एकाखाली एक, वेळेसकट. तिनं त्या दोनदा वाचून बघितल्या.

मग पदर घट्ट ओढून घेतला, खुर्ची पुढं सरकवली.

"आता ते पुसणारं उघडा, अक्का," ती म्हणाली. "आनि तुमी जरा दारात हुब्या ऱ्हावा."