आईनं नाव घेतलेली सीडी

आईनं जन्मभर बाबांना 'अहो' म्हटलं. नाव घेतलं ते फक्त उखाण्यात, आणि तेही संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका फारच मागे लागल्यावर. आमच्या दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमधल्या अशाच एका हळदीकुंकवाचं शेजाऱ्यांनी शूटिंग करून आम्हाला सीडी दिली होती. आईला जाऊन आता वर्ष होत आलं. तिच्या तोंडचं बाबांचं नाव जगात त्या एका सीडीवरच उरलं होतं.

"लाव ना गं ती," बाबांचा सारखा धोशा. गुरुग्रामला माझ्याकडे राहायला येताना त्यांनी भांडीकुंडी वाटून टाकली, पण जुना कॉम्प्युटर मात्र टॅक्सीत मांडीवर घेऊन आले. माझ्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही.

एका रविवारी बसले मी. ट्रे बाहेरच येईना. जेमक्लिप सरळ करून ड्राइव्हच्या बारीक भोकात खुपसली, तेव्हा कुठे स्वारी बाहेर आली. सीडी घातली की नुसती घरघर, आणि पडद्यावर एकच पालुपद: डिस्क घाला. "अरे यार, घातलीये की!" मी चक्क कॉम्प्युटरवर खेकसले. केबल काढून परत बसवली, आतलं भिंग कापसानं पुसलं. मग आरत्यांची सीडी लावून पाहिली, तर ती ठणठणीत वाजली. म्हणजे ड्राइव्ह बरा होता, दुखणं आमच्या सीडीचंच होतं.

नीट पाहिलं, तर तिच्यावर डिंकानं डकवलेला कागद! बाबांची सरकारी नोकरीतली सवय. घरातली एक वस्तू विषय आणि तारखेच्या चिठ्ठीवाचून सुटली नाही. कागद एका बाजूनं फुगला होता, त्यामुळे फिरताना सीडी डुगडुगत असणार.

"चिठ्ठीमुळे अडतंय, पण हात लावू नका हं बाबा. नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात दाखवून आणते," मी बजावलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले, तर बाबा दारातच उभे. चेहरा नुसता फुललेला.

"निघाली बघ, अख्खी! कुठे फाटलीसुद्धा नाही."

पाकिटावरचं तिकीट सोडवतात तशी त्यांनी सीडी परातीतल्या पाण्यात भिजत घातली होती. चिठ्ठी वर्तमानपत्रावर पालथी वाळत होती, आणि सीडीचा सगळा चंदेरी थर तिच्या पाठीला चिकटून आला होता. सीडी मी ट्यूबलाइटसमोर धरली. तिच्यातून पलीकडचं कॅलेंडर दिसलं. त्या थरातच तर होती आई.

"लाव आता," बाबा म्हणाले. खुर्ची ओढून बसलेसुद्धा.

काय सांगायचं त्यांना? पण सांगावं लागलंच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"डिंकानं परत चिकटवता नाही येणार?"

"नाही हो, बाबा."

ते ओल्या बोटांकडे बघत राहिले. मला ते बघवेना. आईचा उखाणा मला पाठ होता, तिच्या हेलासकट.

"मी म्हणून दाखवू का? अगदी आईसारखा?"

"नको गं," ते म्हणाले. "मग मला तुझाच आवाज लक्षात राहील."