कडी लावणारा बोका

शनिवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी हेल्वी निस्कानेन हातमागावर बसलेली होती, आणि तिच्या मांडीवर चिंध्यांचा एक गोळा होता. तो विणायचा नव्हता. तो उक्कोसाठी होता. उक्को म्हणजे तिचा करडा बोका, सात किलोचा. पट्टी ओवून नेणारा धोटा डावीकडून उजवीकडे गेला की उक्कोची मान तशीच फिरायची आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला तो झेप घ्यायचा. त्याचे मागचे पाय थरथरू लागले की हेल्वी मांडीवरचा गोळा जमिनीवर सोडायची. उक्को गोळ्यावर कोसळायचा, ताण्याचे उभे धागे वाचायचे आणि ती पुढची ओळ ठोकायची.

खालच्या मजल्यावर हे चाललेलं असताना वरच्या खोलीत तिची मुलगी सिर्पा झोपलेली होती. विनिपेगहून ती आदल्या संध्याकाळी आली होती आणि येताना मांजर न्यायचा प्लास्टिकचा पिंजरा घेऊन आली होती. पिंजरा दिवाणखान्याच्या दाराशी ठेवलेला होता. विमानतळाच्या वाटेवर सिर्पाच्या मैत्रिणीचा गोठा आहे. उद्या सकाळी उक्कोला तिथे सोडायचं, असं सिर्पाने फोनवरच सांगून टाकलं होतं.

हेल्वीचं वय चौऱ्याहत्तर. फिनिश वस्तीच्या लाप्पे खेड्यातल्या या घरात ती लग्न होऊन आली आणि इथेच राहिली. शहरातल्या इस्पितळाच्या धोबीखान्यात तिने निवृत्तीपर्यंत काम केलं. हिवाळ्यातसुद्धा रोज पहाटे गाडी काढून ती जायची. चिंध्यांच्या सतरंज्या विणायला ती आईकडून शिकली. जुने शर्ट, चादरी, पडदे फाडून त्यांच्या पट्ट्या करायच्या आणि त्या पट्ट्या विणायच्या. तिची सतरंजी सरळ पडते, कडा वाकत नाहीत, म्हणून आसपासच्या फिनिश घरांतून तिच्याकडे गाठोडी येतात. नवरा आर्वो सहा वर्षांपूर्वी गेला. त्यानंतर उक्को आला आणि पाठोपाठ पिप्सा ही तिरंगी मांजरी.

दोन मांजरं आणि एक माग एका घरात नांदवणं हे कुणीही करून पाहावं. पिप्सा पट्ट्या पळवते आणि बुटांमध्ये दडवते. वॉल्टर नावाचा शेजारी एकदा इथून घरी गेला आणि त्याच्या बुटातून हातभर लांब फुलाफुलांचं कापड निघालं. उक्को नळ उघडतो. कपाटं उघडतो. शरद ऋतूच्या अखेरीस तो विजेच्या स्टोव्हच्या काचेवरून चालत गेला, त्याच्या पंजाखाली बटण दाबलं गेलं आणि वर झाकलेला पंचा धुमसायला लागला. हेल्वी आरडाओरडा करत नाही. तिने पंचा चिमट्याने उचलून बर्फात टाकला, आणि त्या दिवसापासून स्वयंपाक झाला की ती स्टोव्हचा मेन स्विचच पाडते. नळाला तिने वरून दाबायची तोटी बसवून घेतली. पट्ट्यांचे गोळे आता बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत राहतात. ताण्यात गुंता झाला तर शिव्या देऊन तो सुटत नाही, सुरुवात कुठे झाली ते शोधावं लागतं. मांजरांच्या बाबतीतही ती तेच करते.

पण कडीचं प्रकरण तिला लवकर उलगडलं नव्हतं.

मागच्या बाजूचं सरकतं काचेचं दार हाच घराचा वापरातला दरवाजा. त्याची कडी आर्वोने केलेली: हॉकीच्या तुटक्या काठीचा लांब तुकडा, एका टोकाला बिजागरीने चौकटीला जोडलेला. दिवसा तो उभा करून खटक्यात अडकवायचा. संध्याकाळी खाली पाडला की तो दारामागे आडवा बसतो आणि मग बाहेरून हत्ती आला तरी दार सरकत नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी हेल्वी नेहमीसारखी चारला सॉनात गेली. सॉना म्हणजे घाम काढायची खोली, मागच्या आवारात, झाडांच्या कडेला, लाकडावर तापणारी. घामाघूम होऊन, अंगावर पाणी घेऊन ती झगा आणि लोकरी बूट घालून बाहेर आली तेव्हा पारा उणे एकोणतीसवर होता. तिने दार ओढलं. दार हललं नाही. काचेतून पाहिलं तर कडी आडवी आणि तिच्या पलीकडे उक्को बसलेला, तिच्याकडे बघत. पुढच्या दाराला कुलूप, किल्ली आत, फोन आत. वॉल्टरचं घर शेतापलीकडे, आणि ओल्या केसांनी तिथवर चालत जाणं म्हणजे वेडेपणा. ती मागे फिरली, सॉनात शिरली आणि चुलीत लाकूड घातलं.

शनिवारी तिच्यानंतर वॉल्टरची पाळी असते. हा रिवाज आर्वोच्या वेळेपासूनचा. पण त्या दिवशी वॉल्टरची गाडी थंडीने सुरू होईना. तो आला तेव्हा सॉनातली लाकडं जवळजवळ संपली होती. त्याने बादली आपटत दार वाजवलं.

“हेल्वी! अगं, आत आहेस अजून? शिजून भात झाला असेल तुझा!”

“आत येऊ नकोस! माझ्या अंगावर नुसता झगा आहे.”

“मग घरात जा ना बाई.”

“घर बंद आहे. बोक्याने कडी लावली.”

बाहेर बादली खाली टेकल्याचा आवाज आला. मग वॉल्टर म्हणाला, “पुन्हा एकदा सांग. हळू सांग.”

पुढच्या दाराची एक किल्ली त्याच्याकडे असते. ती आणायला तो कुडकुडत परत गेला. हेल्वी घरात आली, केस पुसले, मांजरांना वाढलं. विषय तिथेच संपला असता. पण वॉल्टरच्या पोटात गोष्ट रात्रभर टिकत नाही, आणि सिर्पाचा नंबर त्याच्याकडे होता.

“आई, तू मेली असतीस,” सिर्पा फोनवर म्हणाली.

“मेले असते तर तुझा फोन कोणी घेतला असता?”

“चेष्टा नको. स्टोव्ह पेटवला तेव्हा मी गप्प बसले. आता तो बोका तरी जाईल, नाहीतर तू विनिपेगला येशील. दोन्हीपैकी एक ठरव.”

हेल्वीने वाद घातला नाही. पुढच्या शनिवारी ती सॉनाला गेली, पण किल्ली गळ्यात घालून; आणि बरं झालं, कारण कडी पुन्हा पडलेली होती. तिने खटक्याला रबर लावलं. उक्कोने ते चावून तोडलं. दोरी बांधली, ती पिप्साने सोडवून बुटात नेली. कडी काढून टाकावी तर दाराला दुसरं कुलूप नाही. आणि ती काढली तरी बोका पुढे आणखी काय शिकेल, हा सिर्पाचा प्रश्न राहतोच. हेल्वीच्या डोक्यात मात्र वेगळा प्रश्न होता. कडी रोज उभी असते. मग हा फक्त शनिवारीच का पाडतो?

उत्तर एका गुरुवारी मिळालं. भर दुपारी वारा सुटला, दार खडखडायला लागलं म्हणून तिने कडी पाडली. टाक् आवाज झाला आणि उक्को-पिप्सा दोघंही घराच्या दोन टोकांकडून धावत आपल्या ताटल्यांपाशी आले आणि ओरडू लागले. हेल्वी कडीला हात लावून तशीच उभी राहिली. रोज पाचला ती कडी पाडते, हात धुते आणि मांजरांचा डबा उघडते. वर्षानुवर्षं हेच. शनिवारी पाच वाजता ती सॉनात असते. कडी पडत नाही, डबा उघडत नाही.

हे तिने सिर्पाला फोनवर सांगितलं नाही. बोक्याची वकिली करते आहे असं वाटलं असतं.

आणि आता, या शनिवारी सकाळी आठला सिर्पा खाली आली. कॉफी ओतून घेतली, वेलदोड्याच्या पावाचा तुकडा मोडला.

“रात्रभर तो माझ्या छातीवर बसला होता,” ती म्हणाली.

“पाहुण्यांची काळजी घेतो.”

“आई, मी ठरवून आले आहे.”

“ने ना. मी कुठे अडवते? फक्त दुपारी माझ्याबरोबर बाहेर उभी राहा. पुढच्या दाराला कुलूप लावायचं नाही. मग तुला काय न्यायचं ते ने.”

पावणेपाचला दोघी मागच्या दाराने बाहेर पडल्या आणि लाकडांच्या ढिगाशी जाऊन उभ्या राहिल्या. मांजरांना वाढलेलं नव्हतं. आत दिवा होता, त्यामुळे काचेतून सगळं दिसत होतं.

“किती वेळ?” सिर्पाने पाय आपटत विचारलं.

“विनिपेगची मुलगी तू. एवढ्यात गारठलीस?”

“विनिपेगमध्ये आम्ही बोक्यासाठी बर्फात उभे राहत नाही.”

पिप्सा आधी आली आणि थेट ताटलीपाशी बसली. मग उक्को आला. त्याने स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. दाराशी आला, बाहेरच्या अंधारात पाहिलं. नंतर मागच्या पायांवर उभा राहिला, पुढचा पंजा काठीच्या मागे घातला आणि घाई न करता ती आपल्याकडे ओढली. काठी पडली. आवाज बाहेरपर्यंत आला. उक्कोने मागे वळूनही पाहिलं नाही. तो पळत पिप्साशेजारी जाऊन बसला आणि दोघं रिकाम्या ओट्याकडे तोंड वर करून वाट पाहू लागली.

सिर्पाला हसू फुटलं आणि तिने ते हातमोज्याने दाबलं.

“तो तुला बाहेर काढत नाहीये,” ती म्हणाली. “तो तुला बोलावतोय.”

“मला नाही. जेवणाला.”

पुढच्या दाराने त्या आत आल्या. हेल्वीने कडी उभी केली, डबा उघडला, दोन्ही ताटल्या भरल्या आणि मगच टॉवेल काढले. आज सॉनाला तासभर उशीर झाला होता. दोघी शेकून निघाल्या, एकमेकींच्या पाठीवर पाणी ओतलं, सिर्पा लहानपणासारखी बर्फात जाऊन लोळून आली. परतताना तिने आईच्या पुढे होऊन दार ओढलं. दार सरकलं. कडी उभी होती. उक्को मागावरच्या अर्ध्या सतरंजीवर पाय पसरून झोपलेला होता.

“भरल्या पोटी सगळेच शहाणे,” सिर्पा म्हणाली. पण आवाजात धार नव्हती. केस पुसता पुसता ती थांबली. “बोक्याचं कळलं. तुझं सांग. त्या दिवशी तू मला फोन का केला नाहीस? मला वॉल्टरकडून कळावं?”

हेल्वीने खुर्ची ओढली.

“लाकडं संपत आली तेव्हा भीती वाटली. खरंच वाटली. घरात आल्यावर गेली, आणि मग तुझी वाटायला लागली.”

“माझी?”

“तुला कळलं की तू पिंजरा घेऊन येशील. फक्त कोणासाठी आणशील ते कळत नव्हतं.”

 बाहेर वॉल्टरच्या गाडीचा आवाज आला आणि पाठोपाठ तो बादली घेऊन दारात उभा राहिला.

“पाळी माझी की बोक्याची?” त्याने विचारलं.

“वॉल्टरकाका, आधी इकडे या,” सिर्पा म्हणाली. “एक किल्ली कायमची सॉनात टांगायची आहे, तिथे खिळा ठोकून द्या. आणि शनिवारी तुमची गाडी सुरू झाली नाही तर मला लगेच फोन. बोक्याच्या गोष्टी सांगायला करता तसा.”

“मी कुठे सांगतो?” वॉल्टर म्हणाला. हेल्वीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो खिळा शोधायला लागला.

सिर्पाने पिंजरा उचलून आपल्या बॅगेशेजारी ठेवला, दार उघडं आणि आत काहीच नाही. मग तिने विचारलं, “आणि सॉना नसेल त्या दिवशी त्याने कडी पाडली तर?”

“उद्यापासून क्रम उलटा,” हेल्वी म्हणाली. “आता कडी पडली म्हणून काही मिळायचं नाही. आधी पोट, मग कडी. दोन-तीन आठवड्यांत विसरेल.”

“विसरेल?”

“नाही विसरला तर दुसरं काही शोधू. मी आणि तो.”

उद्या रविवार. सिर्पाचं विमान सकाळी नऊ चाळीसला आहे, मांजरांचं जेवण साडेचारला, आणि कडी पाचला पडेल.