नाणेकरवाडीची घरघंटी

भोसरीत आळंदी रोडच्या आतल्या एका गल्लीत सुमनताईंचा छोटा गाळा आहे. बाहेर पाटी नाही. पाटीची गरजही नाही, कारण त्यांचं गिऱ्हाईक रस्त्यावरून येत नाही, फोनमधून येतं. आत तीन फ्रीज, दोन वॉशिंग मशीन, एकावर एक रचलेले कूलर आणि भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या लोखंडी कॉट. या भागात माणसं नोकरीमागे येतात आणि नोकरी सुटली की जातात. जाताना कूलर आणि कॉट एसटीत मावत नाहीत. मग ते फोनवर जाहिरात टाकतात, आणि पहिला फोन बहुतेक वेळा सुमनताईंचा असतो.

लग्न होऊन बार्शीकडून त्या इथे आल्या त्याला एकतीस वर्षं झाली. नवरा चिमाजी एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. सुमनताईंनी पंधरा वर्षं कामगार पोरांचे डबे केले. गुडघे दुखू लागले तसे डबे बंद केले, आणि उरलेली मोठी पातेली विकायला मुलीने, स्वरूपाने, फोनवर जाहिरात टाकून दिली. पातेली दोन दिवसांत गेली. त्या दोन दिवसांत सुमनताईंनी इतरांच्या जाहिराती वाचून काढल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की लोक फार खोटं लिहितात. जो तो 'एकदम नवी', जो तो 'एकदाच वापरलेली'. त्यांनी आपल्या जाहिराती वेगळ्या लिहायला घेतल्या. 'फ्रीजला डाव्या बाजूला पोचा आहे. भाजीचा खण तडकलाय. गार मात्र चांगला करतो.'

"आई, असं लिहिल्यावर कोण घेईल?" स्वरूपा म्हणाली.

"जो घेईल तो परत भांडायला यायचा नाही," सुमनताई म्हणाल्या.

आणि तसंच झालं. लोक एकमेकांना त्यांचा नंबर देऊ लागले.

वस्तू पारखायची त्यांची पद्धत साधी होती. फ्रीजच्या दारात कागद अडकवून ओढायचा. सहज निघाला तर रबर गेलं. मिक्सर मिनिटभर फिरवून नाक जवळ न्यायचं. जळका वास आला तर पदर सावरून उठायचं. पण या सगळ्याच्या आधी त्यांचा एक नियम असे. स्वयंपाकघरातली वस्तू असली तर विकणाऱ्या पुरुषाला त्या सांगायच्या, "दादा, जरा घरातल्या बाईंना फोन द्या."

त्यामागे कारण होतं. धंद्याच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका माणसाकडून मिक्सर घेतला होता. दुसऱ्या दिवशी त्याची बायको गाळ्यात येऊन उभी राहिली. त्या मिक्सरवरून हात फिरवत राहिली. ती इडलीचं पीठ विकून घर चालवत होती. सुमनताईंनी मिक्सर तसाच तिच्या हातात दिला. तेव्हापासून बाईने स्वतःच्या तोंडाने 'न्या' म्हटल्याशिवाय त्या वस्तूला हात लावत नसत.

त्यांचा माल वाहायचा मोईज, तीनचाकी टेम्पोवाला. तो या नियमाची फार चेष्टा करायचा. "ताई, तुमच्यापेक्षा सोयरीक जुळवणारे बरे. ते तरी एकदाच विचारतात."

"तुझ्या टेम्पोची जाहिरात आली ना," सुमनताई म्हणायच्या, "तर मी आधी तुझ्या झुलेखाला फोन लावीन."

"ती लगेच न्या म्हणेल. वर मलापण न्या म्हणेल."

गेल्या मार्चमध्ये नाणेकरवाडीतून घरघंटीची जाहिरात आली. घरघंटी म्हणजे घरातली पिठाची गिरणी, कपाटाएवढी, विजेवर चालणारी. फोटोत ती नवी कोरी दिसत होती आणि किंमत मात्र निम्म्याहून कमी. विकणाऱ्याचं नाव सुजित. मोशीच्या रुपाली नावाच्या बाई महिनाभर सुमनताईंकडे घरघंटी मागत होत्या. ताईंनी सुजितला फोन लावला.

"घरातल्या बाईंना फोन द्या."

"ती झोपलीय. नाईट करून आलीय."

"मग उठल्यावर फोन करायला सांगा."

"ताई, तुम्ही या ना सरळ. आणखी दोघं विचारतायत. तिला माहीत आहे सगळं."

सुमनताईंनी रुपालीला संध्याकाळपर्यंत घरघंटी आणते म्हणून सांगितलं आणि त्या मोईजच्या शेजारी जाऊन बसल्या. मोशी, चिंबळी, कुरुळी करत, ट्रकच्या रांगेतून वाट काढत ते दुपारी तीनला नाणेकरवाडीत पोचले. तीन मजली इमारत, प्रत्येक मजल्यावर ओळीने खोल्या, प्रत्येक दारासमोर चपला आणि कठड्यावर कंपनीचे शर्ट वाळत घातलेले. सुजितची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. तिशीतला, अंगाने बारीक, बोलताना खाली बघणारा माणूस. खोली एकच. मध्ये साडीचा पडदा लावला होता, आणि पडद्याच्या अलीकडे घरघंटी उभी होती.

सुमनताईंनी पर्समधून ज्वारीची पुडी काढली. घरघंटी बघायला जाताना ती त्यांच्याकडे असायचीच.

"एवढी दळून दाखवा."

सुजित कुजबुजत्या आवाजात म्हणाला, "आत्ता नको. चालू आहे ती. माझ्यावर विश्वास ठेवा."

सुमनताईंनी मोईजकडे बघितलं. मोईजने भुवया वर केल्या. विकणारा वस्तू चालू करून दाखवत नाही म्हणजे मोटर जळालेली, हे दोघांनाही पाठ होतं.

"बाईंना उठवा," ताई म्हणाल्या.

"ताई, आठला येते ती कामावरून. परत रात्री जायचंय."

"मग आम्ही जिन्यात बसतो. उठल्या की सांगा."

तेवढ्यात पडदा सरकला. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, अशी एक पोरसवदा बाई बाहेर आली. ही विजयश्री, सुजितची बायको. चाकणच्या एका कारखान्यात ती गाड्यांच्या वायरी जोडायच्या लाइनवर कामाला होती.

"न्या," ती म्हणाली. "माझ्या बापाने दिलीय लग्नात. मीच म्हणते, न्या."

एरवी सुमनताईंनी तिथेच होकार दिला असता. पण मघापासूनचं त्यांना खटकत होतं. घरघंटीत पीठ किती बारीक पडणार ते आतल्या जाळीवर ठरतं. त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ज्वारीला कितव्या नंबरची जाळी लावता हो तुम्ही?"

विजयश्री गोंधळली. "जाळी... ती असते ना आत. बारीकवाली."

"आणि भाजणीला?"

"तीच."

सुमनताईंनी पुडी पर्समध्ये ठेवली. "चल रे मोईज." जिन्यापर्यंत आल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "ही बायको नव्हे. शेजारची कुणीतरी उभी केलीय. घरघंटी जिची आहे तिला जाळीचा नंबर झोपेतसुद्धा सांगता येतो."

"तिला झोपेतच विचारलंत ना," मोईज म्हणाला. "ती उभ्याउभ्या डुलत होती."

त्याच वेळी खालून एक म्हातारी जिना चढत येत होती. हातात पत्र्याचा डबा. इमारतीची मालकीण गोजाबाई. तिने या दोघांना बाजूला सारलं आणि सुजितच्या दारात उभी राहून हाक मारली.

"सुजित, मघाची बाजरी झाली का रं? ही ज्वारी बी घे. आन् कालच्यावानी बारीक कर, भाकर लई झ्याक झाली."

सुमनताई जिन्यातच थांबल्या. मग परत वर आल्या. घरघंटीमागे त्यांनी वाकून बघितलं. तिथे सात-आठ पिशव्या ओळीने लावलेल्या होत्या, आणि प्रत्येकीवर पांढऱ्या चिकटपट्टीवर खोलीचा नंबर लिहिलेला.

"दळतं कोण?" त्यांनी विचारलं.

"त्योच की," गोजाबाई म्हणाली. "पोरीला कुठं येतंय. अख्ख्या वाडीचं दळण करतोय. गिरणीवाल्यापरीस ह्याचा हात बरा हाय."

सुजितचे कान लाल झाले. सुमनताईंनी तोच प्रश्न त्याला विचारला. त्याने खाली बघतच उत्तर दिलं. "ज्वारी-बाजरीला दोन नंबर. गव्हाला तीन. भाजणीला चार, पण आधी डाळ कोरडी झालीय का बघायची. ओलसर असली की जाळी बुजते."

सुमनताई दारातल्या स्टुलावर बसल्या. त्यांच्या नियमात अशी खोट निघेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांनी वस्तू विकणाऱ्या बाप्यांना बघून बायकांची बाजू धरली होती, आणि इथे वस्तू जाणार होती बाप्याची.

"मग विकताय कशाला?"

सुजितने विजयश्रीकडे बघितलं. मग विजयश्रीच बोलली. सुजितचा कंत्राटाचा अकरावा महिना संपला आणि कंपनीने त्याला घरी बसवलं, त्याला पाच महिने झाले. वायरमनचा कोर्स झालेला, पण काम मिळेना. घरात ही घरघंटी बंद खोक्यात पडून होती. त्याने ती उघडली. आधी शेजारच्या पोरांचं दळून दिलं, मग मजल्याचं, मग वाडीचं.

"मला त्याची लाज नाही," ती म्हणाली. "पण सकाळी येऊन पडले की डोक्याशी हे सुरू. बंद ठेवलं की माणसं दार वाजवतात. परवा लाइनवर माझा डोळा लागला. सुपरवायझरने नाव लिहून घेतलं. आणखी एकदा लिहिलं की माझीही नोकरी जाईल. मग दोघं मिळून काय दळायचं?"

"म्हणून जाहिरात मीच टाकली," सुजित म्हणाला. "ती विक म्हणाली नव्हती. नुसती रडली होती."

"झोप झाली नाही की रडू येतं माणसाला," विजयश्री म्हणाली आणि भिंतीला टेकली.

मोईज घड्याळाकडे बघत होता. रुपाली मोशीत वाट बघत होती. घरघंटी उत्तम होती, किंमत निम्म्याहून कमी होती, बाईने न्या म्हटलं होतं आणि बाप्यानेही जाहिरात स्वतःच टाकली होती. न्यायला काहीच हरकत नव्हती. सुमनताई उठल्या, पण घरघंटीकडे न जाता कठड्याकडे गेल्या आणि त्यांनी खाली वाकून बघितलं.

"गोजाबाई, जिन्याखाली काय आहे तुमच्या?"

"काय न्हाई. टायरी हायत. नातवाच्या."

"नातू येतो का त्या बघायला?"

"त्यो पुण्याला ऱ्हातोय."

"मग तिथे ही घरघंटी ठेवू या."

गोजाबाईने डबा खाली ठेवला. "आसं कसं? जागा हाय माझी. भाडं?"

"भाडं कसलं मागता? तुमचं दळण फुकट. पाहुण्यांचंसुद्धा."

"आन् लाइटबिल?"

"मी वेगळं मीटर बसवतो," सुजित पहिल्यांदाच मान वर करून म्हणाला. "तेच तर माझं काम आहे."

"दिवाळीचं आनारशाचं बी दळशील?"

"ते ओलं असतं आजी. ते नाही."

"मंग भाजणी दोनदा," गोजाबाई म्हणाली, आणि सौदा झाला.

सुमनताईंनी तिथूनच रुपालीला फोन लावला. "आज नाही मिळत हो. घरघंटी चांगली आहे, पण विकाऊ नाही निघाली. पुढची पहिली तुमची." रुपाली बरंच काही बोलली. सुमनताईंनी सगळं ऐकून घेतलं, कारण शब्द त्यांनी दिला होता.

मोईज आणि सुजित, दोघांनी मिळून घरघंटी दोन मजले खाली उतरवली. वळणावर मोईज म्हणाला, "ताई, भोसरीपासून इथपर्यंत टेम्पो आणला आणि माल चाललाय जिन्याने. माझं भाडं कसं लावायचं?"

"पायऱ्या मोज," सुमनताई वरून म्हणाल्या.

टायर बाहेर निघाले. सुजितने मालकिणीच्या बोर्डावरून तात्पुरती वायर ओढली, दोन नंबरची जाळी बसवली आणि गोजाबाईची ज्वारी वर ओतली. घरघंटी सुरू झाली. सुमनताईंनी पीठ चिमटीत घेऊन चोळलं. खरंच बारीक होतं. मग त्या गुडघे सांभाळत परत दुसऱ्या मजल्यावर गेल्या. विजयश्री पडद्यामागे आडवी झाली होती. सुमनताईंनी दार आतून लोटलं आणि कान दिला.

"येतोय का आवाज?"

"येतो. पण रस्त्यावरच्या गाड्यांसारखा," ती म्हणाली. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा उत्तर आलं नाही. सुमनताई पाय न वाजवता बाहेर आल्या आणि दार ओढून घेतलं.

खाली सुजितचा फोन वाजत होता. त्याचे दोन्ही हात पिठात. सुमनताईंनी फोन उचलला. मेदनकरवाडीहून कुणीतरी जाहिरात बघून विचारत होता, घरघंटी आहे का, शेवटची किंमत काय.

"घरघंटी आहे," सुमनताई म्हणाल्या, "पण विकायची नाही. दळण असेल तर घेऊन या. ज्वारी-बाजरी आणणार असाल तर निवडून आणा, खडा आला तर आमचा मालक घेत नाही. पत्ता लिहून घ्या."