डिझेलशेठ आणि ओढा

आमच्या ह्यांना सगळे डिझेलशेठ म्हणतात आणि ह्यांना ते आवडतं, हेच मुळात दुखणं. लग्नाआधीपासून हे दवाखान्याची जीप चालवतात. ती आता थकली, म्हणून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नवी पेट्रोलची घ्यायची की डिझेलची, तुम्ही सांगाल ती. झालं, घरात वाद पेटला. धाकट्या भाऊजींची गाडी पेट्रोलची. ते म्हणाले, "दादा, थंडीत तुझं डिझेल लवकर उठत नाही." हे म्हणाले, "तुझी पाण्यात शिंकते, तिचं काय?" तेवढ्यावरून सख्खे भाऊ बोलेनासे झाले. मी दोघांपुढे हात टेकले.

ओढा फुगला त्याच दिवशी वन्संना कळा सुरू झाल्या. बाळंतपणाला माहेरी आलेल्या, पोर आडवं, आणि दवाखाना ओढ्यापलीकडे. मागच्या खेपेला पोचायला उशीर झाला आणि मूल हाती लागलं नाही. ह्यांनी बहिणीला जीपमध्ये घातलं, मी शेजारी बसले. भाऊजी आपली गाडी घेऊन मागोमाग आले.

काठावर ते ताडपत्री घेऊन धावले. अबोला विसरून म्हणाले, "दादा, पुढून ही बांध. फॅनचा पट्टा काढ, नाहीतर पंखा सगळं पाणी आत उडवेल."

"हे नखरे तुझ्या पेट्रोलचे. डिझेलला ठिणगीच लागत नाही, भिजणार काय?" असं म्हणून ह्यांनी गाडी पाण्यात घातली.

ठिणगी नाही लागत, पण हवा लागते की नाही? मध्यावर पाणी बॉनेटवर चढलं, इंजिन घुसमटायला लागलं आणि ह्यांनी चावी फिरवून ते बंदच केलं.

"बंद काय करताय?" मी ओरडले.

"पाणी गिळलं तर कायमचं जाईल."

पाणी दारातून आत येत होतं. वन्संनी माझा हात चेचून काढला. त्या क्षणी मला ह्यांचा इतका राग आला की आयुष्यात कधी आला नव्हता. हे खिडकीतून वाकले आणि म्हणाले, "धाकट्या, दोर टाक."

भाऊजींनी आम्हाला मागे ओढून काढलं. वन्संना त्यांच्या गाडीत हलवलं. पेट्रोल गाडीला ताडपत्री ह्यांनीच बांधली, पट्टाही ह्यांनीच काढला. पहिल्या गिअरमध्ये, सावकाश, गाडी पाण्यात उतरली. मध्यावर इंजिन एकदा शिंकलं. पण ते थांबलं नाही.

मुलगी झाली. ती रडली तशी मीही दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मग, कुठली जीप घ्यायची?"

"डिझेलची," हे म्हणाले. मी दात आवळले. एवढं होऊनही ह्यांची खोड जात नाही.

मग ह्यांनी खिशातून जीपची चावी काढून टेबलावर ठेवली. "गाडी डिझेलचीच घ्या, बाई. खोट तिच्यात नव्हती. चालवायला धाकट्याला ठेवा."